कुठे दुखतं

मार्चमध्ये ती आली पोटासाठी.
एप्रिलमध्ये पाठीसाठी.
मग झोपेसाठी, मग छातीत धडधडतं म्हणून
व्हॅलेरियनचे थेंब, छोटी बाटली,
आणि पुन्हा पोटासाठी.
मी नाणी मोजली, औषध कागदात गुंडाळलं,
"वय झालं, लामारा," म्हणाले.
"हो, वय झालं."
दोघींनाही ते उत्तर पुरलं.

लामारा म्हणजे तीस वर्षं
चियातुराच्या दरीवरून डबा नेणारी बाई.
तारेला लोंबता लोखंडी डबा,
खाली मँगनीजनं काळी क्विरिला,
वर खाणकामगारांची वस्ती.
आत पाऊल पडलं की डबा जेवढा झुके
त्यावरून न बघता ओळखायची:
"वाझा, उपाशी आलास आज."
आता माझ्या दुकानात उभी राहायची
तर फरशीलाही पत्ता लागू नये अशी.

डबे बंद झाले म्हणून, कुणी म्हणालं.
नवरा गेला म्हणून.
मुलगी पोलंडला म्हणून.
कारण सापडलं की माणसं सुटल्यासारखी होतात,
बाईकडे बघायचं राहून जातं.

एका रात्री वीज गेली.
मेणबत्तीशी उधारीची वही घेऊन बसले
तर तिचं पान निघालं.
पाच दुखणी, पत्ता एकच.

असंच एक पान माझ्या वडिलांचं होतं.
शेवटच्या वर्षी त्यांनी खुर्ची
खिडकीकडून भिंतीकडे वळवून घेतली.
आम्ही म्हणालो, ऊन येत असेल डोळ्यांवर.
आम्ही पडदासुद्धा आणला.

दुसऱ्या दिवशी आलुबुखार घेऊन वर गेले.
लिफ्ट नाणं टाकल्याशिवाय हलत नाही,
नाणं टाकूनही हलली नाही.
चौथा मजला.
भिंतीवर अजून जानेवारी.
बाल्कनीत टोमॅटोची रोपं, काड्या झालेली.
"रडतेस का गं?" मी विचारलं.
"रडू येत नाही," ती म्हणाली,
"तेच तर. आलं असतं तर कळलं असतं तरी."

डॉक्टर मेदेआनं रक्त तपासायला पाठवलं,
थायरॉइड बघितलं,
आजची तारीख विचारली, वजन केलं.
सात किलो कुठे गेले ते कुणीच बघितलं नव्हतं.
मग पेन खाली ठेवून सरळ विचारलं:
"मरावंसं वाटतं का?"
मी दचकले. असं विचारतात का कुणाला?
लामारानं कित्येक महिन्यांत पहिल्यांदा मान वर केली.
"सकाळी जाग आली नाही तर बरं, एवढंच वाटतं."
आणि जरा थांबून,
"विचारलंत एकदाचं."

अर्धी गोळी, मग पूर्ण.
पहिल्या आठवड्यात मळमळ,
तिनं पाकीट कचऱ्यात टाकलं, मी उचललं.
थेंबांची बाटली डॉक्टरांनी बंद केली.
रोज संध्याकाळी पुलापर्यंत चालणं,
आधी पुलापर्यंत नाहीच, फक्त कोपऱ्यापर्यंत.
गुरुवारी दवाखान्यात एका बाईशी तासभर बोलणं,
काय बोलतात मला माहीत नाही.
तिसरा आठवडा गेला, काही नाही.
चौथाही तसाच.
मीच हातपाय गाळून बसले होते,
तर तीच म्हणाली, पुलाच्या कठड्याला टेकून,
"थंडीत पहिली फेरी रिकामीच सोडायची असते.
तार लगेच ऐकत नाही."

सप्टेंबर. सगळं छान झालंय असं नाही.
काही सकाळी ती अजून दार उघडत नाही,
मी खाली उभी राहून हाक मारते, मारत राहते.
पण काल दुकानात आली,
गोळ्या पिशवीत टाकल्या, निघाली,
आणि उंबऱ्यातच थबकली.
"बिजागरी करकरतेय तुझ्या दाराची."
"वय झालं तिचं," मी सवयीनं म्हणाले.
"वयाचं काही नाही," लामारा म्हणाली,
दार दोनदा पुढेमागे करत, कान लावून,
"तेल संपलंय.
मार्चपासून ऐकतेय."